उजेड, नाद आणि वीज: गॅलरीतल्या रोपांवर प्रयोग कसे करावेत

मेथीचे दाणे दोन डब्यांत पेरा. एक डबा खिडकीत ठेवा, दुसरा बंद कपाटात. आठवड्याभराने कपाट उघडलंत तर आतली मेथी खिडकीतल्या मेथीपेक्षा बरीच उंच झालेली दिसेल. देठ पांढराफटक, टोकाशी पिवळी मिटलेली पानं, आणि बोट लावलं की आडवी. ती उंची दाण्यातल्या साठ्यावर गाठलेली असते. अशी रोपं पूर्ण वाळवून वजन केलं तर ते पेरलेल्या दाण्यांच्या वजनापेक्षाही कमी भरतं, कारण उजेडाविना नवं काही तयार झालंच नाही आणि श्वसनात होतं तेही खर्च झालं.

उजेड, आवाज किंवा वीज वापरून "रोप जोमाने वाढलं" असं सांगणारे बहुतेक प्रयोग इथेच फसतात. पट्टी लावून उंची मोजली जाते आणि लांबुडकं, अशक्त रोप पहिलं येतं. म्हणून उंची लिहून ठेवा जरूर, पण निकाल वाळवलेल्या वजनावर लावा.

डबे, माती आणि काटा

एका प्रयोगाला दोन गट, प्रत्येक गटात आठ डबे. एकेका डब्यावर प्रयोग करून काही कळत नाही. तळाला चार भोकं पाडलेले २०० मिलीचे दह्याचे डबे चालतात. भरायला दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोनदा साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्या. त्यात क्षार राहिले तर पानांच्या कडा करपतात, आणि पुढच्या विजेच्या प्रयोगात सगळे आकडे बिघडतात. प्रत्येक डबा भरल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर सारख्या वजनाचा करा.

मेथी एकाच पाकिटातली घ्या. रात्रभर भिजवा, एका डब्यात दहा दाणे, एक सेंटीमीटर खोल. पाचव्या दिवशी सारख्या अंगाची सहा रोपं ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्यांची मुळं हलतात. सहा रोपं ठेवायचं कारण काट्यात आहे. बाजारात सहज मिळणारा खिशातला काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो आणि एका वाळलेल्या रोपाचं वजन इतकं थोडं असतं की फरक त्या शेवटच्या आकड्यात हरवतो. सहाही एकत्र तोला.

कुठला डबा कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. हाताने निवडले की टपोरी रोपं नकळत आवडत्या गटात जातात. कडेचे डबे लवकर सुकतात, म्हणून दर दोन दिवसांनी गटातल्या गटात जागा बदला. पाणी अंदाजाने घालू नका. डबा काट्यावर ठेवा आणि ठरवलेल्या वजनापर्यंत भरा, म्हणजे प्रत्येकाला हवं तेवढंच मिळतं. दहाव्या दिवसापासून आठवड्यातून एकदा १९:१९:१९ खत, लिटरला एक ग्रॅम.

पावसाळ्यात रोपं मुळाशी बारीक होऊन माना टाकू लागली तर ती मर आहे. पाणी कमी करा, पंखा लावा, आणि ती तुकडी प्रयोगातून पूर्ण बाद करा. मेलेले डबे वगळून उरलेल्यांची सरासरी काढली की निकाल वाकतो.

पंचविसाव्या दिवशी मातीलगत कापा, ताजं वजन घ्या, डब्याचा क्रमांक लिहिलेल्या कागदात गुंडाळा आणि उन्हात वाळवा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं की वाळवण झालं. जून ते सप्टेंबर पुण्यात ऊन भरवशाचं नाही, तेव्हा ओव्हनमध्ये ७० अंशांवर वाळवा.

उजेड: इथे फरक नक्की दिसतो

तिन्हींपैकी उजेडाचा परिणाम सगळ्यांत मोठा आणि हमखास. सुरुवात इथूनच करावी.

आपला डोळा उजेड मोजण्यात फार कच्चा आहे. पुण्यात निरभ्र दुपारी गच्चीवर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो. उत्तरेकडच्या गॅलरीत भिंतीलगत तो दोन हजारांवर येतो, तरी डोळ्याला दोन्हीकडे "छान उजेड" वाटतो. फोनवर लक्स मोजायचं ॲप घ्या. दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवतील, म्हणून पूर्ण प्रयोगात एकच फोन वापरा, तो पानांच्या पातळीवर आडवा धरा आणि आकडे फक्त आपसात तुलनेसाठी घ्या.

झाडाला लक्सशी देणंघेणं नसतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण किती पडले, ते त्याला हवं असतं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की साधारण तेवढे मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक, दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल) दर चौरस मीटरला दर सेकंदाला मिळतात. म्हणजे १०,००० लक्सला सुमारे १४० मायक्रोमोल. दिवा १६ तास चालला तर दिवसाला ८ मोल. मेथी, कोथिंबीर, सॅलडची पानं एवढ्यावर चांगली येतात, १२ मोलांवर आणखी भरदार. टोमॅटो-मिरचीला फळं धरायला २० मोलांच्या पुढे लागतं, ते घरातल्या बॅटनवर (ट्यूबलाइटसारख्या लांब एलईडी दिव्यांवर) भागवायला जाऊ नका.

मांडणी अशी. चार फुटी, २० वॉटचे, ६५०० केल्विनचे तीन एलईडी बॅटन, एकमेकांपासून चार इंचांवर, एका फळीच्या खालच्या बाजूला. खाली एक फूट रुंद पट्ट्यात डबे, पानांपासून दिवा सहा इंच वर. तिन्ही बाजूंनी पांढरा फ्लेक्स किंवा थर्माकोल लावा, बाहेर सांडणारा उजेड परत आत येतो. एवढ्यावर आठ-दहा हजार लक्स मिळतात. तीन बॅटन १६ तास म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट. सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. लोखंडी रॅक असेल तर त्याला अर्थिंग हवंच, आणि ज्या सॉकेटवर हे चालणार त्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). दिव्याची वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या टोकावरून गळून पडतं, सॉकेटपर्यंत जात नाही.

टायमर घेताना बॅटरीवाला डिजिटल घ्या. चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी तीन-चार तास वीज गेली की त्याचं घड्याळ तेवढंच मागे पडतं. मेथीला त्याने फारसं बिघडत नाही, पण पुढच्या शेवंतीच्या प्रयोगात सगळं मुसळ केरात.

पहिला प्रयोग: आठ डबे दिव्यापासून सहा इंचांवर, आठ डबे दोन फुटांवर. लांब बॅटनखाली अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण निम्मा होतो. एकट्या बल्बखाली तो चौथाईवर येतो. दोन फुटांवरची मेथी पाचव्या-सहाव्या दिवशीच मान लांब करून वर शोधू लागते.

रोपांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्यांबद्दल. हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड जास्त शोषतं हे खरं, पण हिरवा उजेड वाया जातो हे खरं नाही. तो पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो. पांढऱ्या एलईडीत तिन्ही रंग असतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडतंय की मावा लागलाय, ते दिसत नाही. घरी पांढराच लावा. "हजार वॉट" लिहिलेला दिवा घेतलाच तर वॉटमीटर लावून तो खरोखर किती वीज ओढतो ते आधी बघा. झाडाला मिळणारा उजेड त्या आकड्याच्या पुढे जाऊ शकत नाही.

शेवंतीला रात्र मोजता येते

उजेड अन्न बनवायला लागतो, तसा कालगणनेलाही. शेवंती रात्र लांब झाल्याशिवाय कळी धरत नाही. पुण्यात २१ जूनला दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरच्या अखेरीला अकरा तासांचा. त्या फरकावर तिचं वर्ष चालतं. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडाने एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परततं. मध्यरात्री थोडा उजेड पडला तरी झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र न राहता दोन तुटक रात्री होतात, आणि कळी लांबते. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसच्या बियांवर लाल आणि अतिलाल उजेड आलटून-पालटून टाकून हे बटण शोधलं.

प्रयोग सोपा आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला एकाच वाणाची, कळी न आलेली सहा रोपं आणा. तीन पूर्ण अंधारी रात्र मिळेल अशा जागी ठेवा. उरलेल्या तिघांवर ९ वॉटचा वॉर्म व्हाइट बल्ब शेंड्यापासून एक मीटरवर टांगा आणि टायमर रात्री १० ते २ लावा. पानांवर १०० लक्सच्या आसपास पडले की पुरतं. वॉर्म व्हाइटच का, तर त्यात लाल भाग जास्त. दिवसा सहाही रोपं एकत्र उन्हात. पहिल्या गटात कळ्या दिसतील तेव्हा दुसरा गट नुसती पानं वाढवत असेल. बल्ब बंद करा, मग तोही कळीवर येईल.

हा प्रयोग बिघडतो तो रस्त्यावरच्या दिव्यामुळे. गॅलरीसमोर खांब असला तर तुमची "अंधारी" रोपंही रात्रभर उजेडात असतात. घरची शेवंती वर्षानुवर्षं फुलत नाही, खत बदलून बदलून लोक दमतात, आणि दोष खांबाचा निघतो. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत खोका किंवा काळं जाड कापड पांघरा, रोज, न चुकता. कळीला रंग दिसेपर्यंत एखादी रात्रही सोडू नका.

ड्रॅगन फ्रूटचं उलट असतं. त्याला लांब दिवस लागतो, म्हणून बागाईतदार हंगामाबाहेर फुलं आणायला रात्री दिवे लावतात. पॉइन्सेटिया, हे लाल पानांचं शोभेचं झाड, मात्र शेवंतीच्याच पंथातलं.

नाद: गाण्यापेक्षा कंप कामाचा

८० डेसिबलचा आवाज, म्हणजे खोलीत मोठ्याने लावलेला रेडिओ, दर चौरस मीटरला एका वॉटचा दहा हजारावा भाग एवढीच ऊर्जा आणतो. दुपारचं ऊन तेवढ्याच जागेवर हजार वॉट आणतं, म्हणजे एक कोटी पट. त्यामुळे संगीताने रोपाला अन्न मिळतं ही कल्पना सोडून द्यावी. पण आवाज खूण म्हणून चालतो. २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठात अळी पान कुरतडताना होणारा कंप ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडाच्या पानांना दिला, तेव्हा पुढे अळी लागल्यावर त्या झाडांनी बचावाची रसायनं जास्त बनवली. २०१९ मध्ये तेल अवीवमध्ये मधमाशीच्या गुणगुणण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर तीन मिनिटांत ईव्हनिंग प्रिमरोजच्या फुलातल्या मधुरसात साखर वाढलेली दिसली.

गॅलरीत खरोखर उपयोगी पडणारा नादाचा प्रयोग टोमॅटो-वांग्यावर करा. या फुलांचे परागकोश नळीसारखे असतात आणि परागकण आत अडकून बसतात. भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि सेकंदाला शंभर ते चारशे कंपनांनी परागकण झाडतो. साधी मधमाशी हे करत नाही. सातव्या मजल्यावर भुंगा क्वचित येतो, आणि जाळी लावलेल्या गॅलरीत येतच नाही.

भुंग्याचं काम बॅटरीवरच्या टूथब्रशने होतं. सोनिक प्रकारचा घ्या, त्याची कंपनं सेकंदाला २६०च्या आसपास असतात. फूल पूर्ण उमललेलं, पाकळ्या मागे वळलेल्या आणि पिवळा रंग गडद, अशा वेळी सकाळी दहा ते एकच्या दरम्यान ब्रशच्या डोक्याची पाठ फुलामागच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. केस फुलाला लावू नका, कोश फाटतात. फुलाखाली काळा कागद धरला तर पिवळी धूळ उडताना दिसते. धूळ पडली तरच कंप लागला असं समजा. एका घोसातली फुलं एकदम उमलत नाहीत, म्हणून एक दिवसाआड तीन-चार वेळा फिरा.

तुलना एकाच झाडावर करा: एका घोसाला लाल दोरा, त्याला कंप, शेजारच्याला पांढरा दोरा, त्याला काही नाही. घोसागणिक किती फुलं, किती फळं धरली, पिकल्यावर वजन किती, आणि फळ कापून बिया किती, एवढं नोंदवा. बियांची मोजणी महत्त्वाची. पराग नीट पडले की बिया जास्त, आणि बिया जास्त की फळ मोठं आणि गोलसर.

धूळ पडत नसेल तर हवा बघा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत परागकण ओले होऊन चिकटतात. एप्रिल-मे मध्ये पारा ३५च्या वर गेला की परागच अशक्त निघतो. डिसेंबरच्या रात्री १२ अंशांखाली उतरल्या तरी फळं कमी धरतात. पुण्यात ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी हे महिने धरा. वांग्यात आणखी एक खोच आहे. ज्या फुलाचा स्त्रीकेसर परागकोशांच्या बाहेर डोकावतो तेच मुख्यतः फळ धरतं. आखूड केसराच्या फुलाला कितीही कंप दिला तरी ते गळतं. मोजताना ती फुलं वेगळी लिहा.

संगीत तपासायचंच असेल तर एकसारखे दोन खोके, दोन्हींत एकसारखे स्पीकर आणि दिवे, दोन्ही स्पीकर चालू, पण एकाला आवाज शून्य. स्पीकरची ऊबही रोपाला लागते, म्हणून मुका स्पीकर हवा. आवाज रोपाजवळ ७० ते ७५ डेसिबल, रोज एक तास. दर आठवड्याला खोक्यांच्या जागा बदला. आणि पाणी अशा माणसाला घालू द्या ज्याला कोणता खोका गाणारा ते माहीत नाही. गाण्याच्या खोक्याकडे माणूस जास्त वेळा डोकावतो, सुकलेलं रोप त्याच्या आधी लक्षात येतं, आणि ती सेवा संगीताच्या खात्यावर जमा होते.

वीज: सूक्ष्म प्रवाह, पूर्ण सावधगिरी

सॉकेटची वीज मातीजवळ आणू नका. चार्जर, ॲडॅप्टर, ट्रान्सफॉर्मर यांपैकी काहीही नाही, फक्त ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

आधी झाडाची स्वतःची वीज बघा. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर हेच दाखवलं होतं: स्पर्श झाला की पान मिटण्याआधी विजेची लहर देठातून धावते. सराफाकडून अर्धा मिलिमीटर जाडीची शुद्ध चांदीची तार दोन वीत घ्या, तुकडे करून टोकं वीस मिनिटं घरगुती ब्लीचमध्ये बुडवा. ती करडी-काळी होतील. तो क्लोराइडचा थर हवाच, नाहीतर आकडा सतत सरकत राहतो. एक टोक ईसीजी जेलच्या थेंबासह पानाच्या देठाला अलगद गुंडाळा, दुसरं ओल्या मातीत. मल्टिमीटर (विजेचा दाब आणि प्रवाह मोजायचं यंत्र) २०० मिलिव्होल्ट डीसीवर. पाच मिनिटं आकडा स्थिरावू द्या, मग पानाला टिचकी मारा. काही सेकंदांत आकडा दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिव्होल्टने हलून परत येईल. आकडा आपोआप नाचत असेल तर जवळ फ्रिज, ट्यूबलाइट किंवा चार्जर आहे का बघा.

आता उलट बाजू, बाहेरून प्रवाह देऊन मेथी. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानात ग्रॅफाइटच्या कांड्या मिळतात. पेरणीच्या दिवशीच प्रत्येक डब्यात समोरासमोर दोन कांड्या पाच सेंटीमीटर खोल रोवा, कंट्रोलच्या, म्हणजे वीज न देता तुलनेसाठी ठेवलेल्या, आठ डब्यांतही. कांडीमुळे पाणी मुरायची वाट बदलते, तो फरक दोन्हीकडे सारखा हवा. प्रयोगाच्या प्रत्येक डब्याला स्वतःचा ८२ किलोओहमचा रेझिस्टर एकसर जोडा आणि मग आठही डबे एका बॅटरीवर समांतर. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला तर सर्वांत ओला डबा बहुतेक प्रवाह ओढून घेतो. प्रत्येक डब्यातून ८० ते १०० मायक्रोअँप वाहायला हवा, मीटर एकसर लावून तपासा. रोज दोन तास, आणि रोज बॅटरीची टोकं उलटी.

टोकं उलटायची ती रसायनामुळे. धन कांडीभोवती माती आम्ल होते, ऋण कांडीभोवती अल्कली. प्रवाह जास्त आणि दिशा तीच राहिली तर कांडीजवळची मुळं तपकिरी पडतात. तांब्याच्या तारा तर अजिबात नकोत. एक मिलिअँप प्रवाह एका दिशेने चोवीस तास वाहिला आणि तो सगळा तांबं विरघळवण्यात गेला, तर धन तारेतून सुमारे २८ मिलिग्रॅम तांबं मातीत उतरतं. २०० मिलीच्या डब्यातल्या रोपाला ते विषच.

कुंडीत नुसती तांब्याची गुंडाळी खोचून "हवेतली वीज" मिळते असं सांगणारे व्हिडिओ सध्या बरेच फिरतात. मल्टिमीटर लावून बघा, मापण्याजोगा प्रवाह सापडत नाही. शेतावर तारा ताणून उच्च दाबाची वीज देण्याचे प्रयोग गंभीरपणे झाले आहेत. फिनलंडचे लेमस्ट्रॉम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते केले, ब्रिटनमध्ये तर यासाठी सरकारी समितीच १९१८ ते १९३६ चालली. एका वर्षी पीक वाढायचं, पुढच्या वर्षी नाही, म्हणून अखेर ते काम थांबलं. तुमच्या सोळा डब्यांतही काहीच फरक न दिसण्याची शक्यता जास्त आहे. तेही आकड्यांसह लिहून ठेवा.

फरक खरा की योगायोग

सोळा डब्यांची कोरडी वजनं सोळा चिठ्ठ्यांवर लिहा. प्रयोगाच्या आठांची आणि कंट्रोलच्या आठांची सरासरी काढा, दोहोंतला फरक बाजूला लिहा. आता सगळ्या चिठ्ठ्या एका भांड्यात टाका, हलवा, डोळे मिटून आठ-आठचे दोन ढीग करा आणि पुन्हा सरासरीतला फरक काढा, कोणता ढीग जड ते न बघता. असं शंभर वेळा. संगणकावरच्या तक्त्यात दहा मिनिटांचं काम आहे. नुसत्या हलवाहलवीत तुमच्या मूळ फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक शंभरात पाचांहून जास्त वेळा आला, तर तुमचा फरक योगायोगातही पडू शकतो. पाच किंवा त्याहून कमी वेळा आला, तर गटांच्या जागा अदलाबदल करून तोच प्रयोग नव्या बियांवर पुन्हा लावा, आणि दुसऱ्या खेपेचे आकडे पहिल्यात न मिसळता वेगळे मांडा.